जमीन टाका, ताई

सत्तारभाई गेले.
काल दुपारी, झोपेतच.

लोहाऱ्याच्या इंडस्ट्रियल एरियात आमची एक शेड होती. लेथ आणि वेल्डिंग त्यांचं, ड्रॉइंग माझं. बरोबरीचे पार्टनर, पण मला ते शेवटपर्यंत 'ताई'च म्हणाले.

कापसाचे ते वाईट दिवस आठवतात?
कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग मिल एकेक करून बंद पडत होत्या, आणि आम्ही बनवायचो जिनिंगचेच स्पेअर पार्ट. दुपारी शेडमध्ये इतकी शांतता, की पत्र्यावर चालणारं कबुतर ऐकू यायचं.

काही नवं बनवलं तरच शेड टिकणार होती.

सत्तारभाईंच्या मनात पऱ्हाटी उपटायचा चिमटा होता. वेचणी संपली की कपाशीची वाळलेली झाडं बाया हातांनी उपटतात, तळवे सोलून निघतात. त्यांच्या अम्मीचे तळवे मी पाहिले होते.

मला ड्रॉइंग बोर्ड सोडून कॉम्प्युटरवर जायचं होतं. सॉफ्टवेअर मात्र एकच परवडणार होतं. नागपूरहून सेल्समन दोन प्रकारची दाखवायला आला.

पहिलं टू-डी. रेषा आणि मापं, अगदी माझ्या बोर्डासारखं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी पट्टी धरायला शिकवलेला माझा हात त्यावर लगेच बसला. जिनिंगच्या पार्टना ते पुरलं असतं.

दुसरं थ्री-डी.
त्यानं माउस हलवला, आणि लोखंडाचा एक तुकडा राखाडी आभाळात सावकाश फिरू लागला. वजन नाही, आवाज नाही. स्वप्नात वस्तू दिसतात तसा.

सत्तारभाई चपला दाराबाहेर काढून आले होते. कॉम्प्युटरला धूळ नको, हा माझाच नियम. ते वाकून स्क्रीनच्या खालून बघू लागले.

"ताई, हे पडून काहून नाही राह्यलं?"
"पडायला खाली काही नाहीच आहे, भाई."
"मंग जमीन टाका ना, ताई. बिना जमिनीची चीज मले समजत नाही."
"काका, जमीन सॉफ्टवेअरमध्ये येत नाही," सेल्समन म्हणाला.
"मंग विकून कायले राह्यले?"

मी एक मोठा चपटा चौकोन काढला आणि तुकडा त्यावर टेकवला.
"हां," भाई म्हणाले, "आता घरी आला."

आम्ही थ्री-डी घेतलं.

लोडशेडिंगमधून लाइट मिळेल तेव्हा काम करत चिमटा स्क्रीनवर उभा राहिला. आर्णीचे एक अवजारांचे दुकानदार बघायला आले. ते हो म्हणाले तर शेड चालणार, नाहीतर कुलूप.

त्यांनी चिमटा चारी बाजूंनी बघितला.
"चांगलं हाय. पण हे केवढं? याले बैल लागते का ट्रॅक्टर?"

मी मापं सांगितली. आकड्यांवरून त्यांना अंदाज येईना.

तेवढ्यात माझी नजर दाराबाहेर गेली. मी उठले, भाईंची एक चप्पल आणून टेबलावर ठेवली आणि पट्टीनं मापू लागले.

"या अल्ला! ताई, चप्पल कायले टेबलावर?"
"तुम्ही बसा हो गप."

स्क्रीनवरच्या जमिनीवर, चिमट्याशेजारी, मी दोन चपला काढल्या. डावीचा अंगठा मोच्याकडून शिवलेला होता, तोही काढला.

दुकानदार पुढे झुकले.
"अरे! हे तं हातातलं हाय. बाईलेही जमते."

ऑर्डर मिळाली.

संध्याकाळपर्यंत सत्तारभाई आल्यागेल्याला हाताला धरून आत आणत होते.
चिमटा दाखवायला नाही, चपला.
"पाह्य, माह्याच हायेत."

शेड राहिली. आणि आमच्याकडे रीतच पडली: नवी फाइल उघडली की आधी जमीन, मग चपला, मग काम. शिकायला आलेल्या मुली हसायच्या, पण काढायच्या.

आज सकाळी ती जुनी फाइल उघडली.
चिमटा हाइड केला.

जमीन राहिली. तिच्यावर त्यांच्या चपला.
दाराशी काढून कुणी नुकतंच आत गेलं असावं, तशा.

निवांत बसा आत, भाई.
खुदा हाफिज.