दोन पेवांचा बंदोबस्त

माझ्या सासरच्या पुरुषांना आपण फार दूरदर्शी आहोत असं वाटे. इतकी आंधळी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. मी धारला वाढले आणि देवासला नांदले, म्हणजे दरबारी नोकरदार काही कमी पाहिलेले नाहीत.

देवासला तेव्हा एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या रस्त्याच्या मधोमध त्यांची हद्द. आमचं घर थोरल्या पातीत, आणि समोरचं, चुलतसासऱ्यांचं, धाकट्या पातीत. हा योगायोग नव्हता. माझे सासरे, म्हणजे मामंजी, थोरल्यांच्या कचेरीत कारकून आणि त्यांचे भाऊ धाकट्यांच्या. एका दरबाराची मर्जी फिरली तर दुसऱ्याच्या आसऱ्याला जाता यावं म्हणून दोघांनी ठरवून धरलेल्या नोकऱ्या होत्या त्या. इथवर ठीक होतं. पण मर्जीचा नियम त्यांनी आभाळालाही लावला.

शतक पालटताना पडलेला मोठा दुष्काळ त्या घरानं भोगला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याला पाच-सहा वर्षं झाली होती, तरी मामंजी रोज जेवताना त्याची आठवण काढून आमचा घास कडू करत. तसा दुष्काळ पुन्हा पडला तर? म्हणून एका वैशाखात दोघा भावांनी टोंकखुर्दहून गव्हाच्या गाड्या मागवल्या. दोन्ही अंगणांत पुरुषाहून खोल पेवं खणली. आतून पेंढा लावला, निम्मा गहू इकडच्या पेवात, निम्मा तिकडच्या. तोंडं शेणमातीनं लिंपून टाकली.

"इकडे मुसीबत आली, तर तिकडचा गहू सही-सलामत!" मामंजी ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "याला म्हणतात बंदोबस्त, भिया."

रस्ता मोजून दहा-बारा हात रुंद. मी आणि वन्सं स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत असू.

"ढगाला आता दोन्ही दरबारांचे परवाने काढावे लागणार," वन्सं म्हणाल्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. विशीच्या आत विधवा होऊन बापाच्या घरी आलेल्या. त्या घरात अक्कल होती ती एवढीच, आणि ती चुलीपाशी बसवलेली होती. मला लिहायला-वाचायला त्यांनीच शिकवलं. धारला मुलींच्या शाळेला शिकवणारी बाई मिळत नाही, असं माझ्या वडिलांनी पत्रातून कळवलं होतं. त्या दिवसापासून आम्हां दोघींचा बेत शिजत होता. वन्संनी पुण्याला जाऊन शिकून यायचं, मग धारला नोकरी धरायची. वन्संच्या सासरच्यांनी त्यांचा हिस्सा तोडून दिलेली थोडी रक्कम होती, ती त्या शिक्षणाला पुरली असती. तेवढीच पुरली असती, दुसरा आधार नव्हता.

ती रक्कम मामंजींच्या पेटीत होती आणि पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला.

"नुसते रुपये ठेवून काय करायचे, पोरी? त्यांचा गहू घेऊ. दिवाळीला भाव चढला की विकू. मग खुशाल जा पुण्याला."

वन्सं नको म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. माझे यजमान तिथेच होते, पण वडिलांच्या होला हो म्हणण्याखेरीज त्यांना तेव्हा दुसरा उद्योग नव्हता. वन्संचे रुपये गहू होऊन आले आणि तोही निम्मा-निम्मा दोन राज्यांत गेला.

दुष्काळ पडला नाही. भाद्रपदात एका दुपारी टेकडीवर असा पाऊस कोसळला की तासाभरात आमच्या रस्त्याचा नाला झाला. दोघे भाऊ आपापल्या ओटीवर धोतर वर खोचून उभे, पाणी पायऱ्यांवर चढतंय, आणि मामंजी ओरडताहेत, "तिकडे ठीक ना रे?" समोरून तेच, "दादा, तिकडे ठीक ना?" दोघांनाही उत्तर डोळ्यांनी दिसत होतं. तरी ते विचारत राहिले.

अंगणांत दोन दिवस पाणी उभं होतं. ते ओसरल्यावर पेवं उघडायच्या आधी माझ्या सासऱ्यांनी काय करावं? अर्ज लिहिले. एकाच ओटीवर, एकाच दौतीतून, दोघा भावांनी शेजारी बसून. थोरल्यांच्या अर्जात पाणी धाकट्यांच्या बाजूनं आलं, धाकट्यांच्या अर्जात ते थोरल्यांच्या बाजूनं आलं. चुलतसासऱ्यांचं अक्षर वाईट म्हणून स्वतःच्याच बाजूविरुद्धचा तो अर्जही मामंजींनीच सुवाच्य लिहून दिला. दोन्ही अर्ज परत आले. मदत शेतकऱ्यांसाठी आहे, पगारदारांसाठी नाही, असा शेरा होता. त्यात चूक ती काय होती?

मग पेवं उघडायला एक म्हातारा मजूर बोलावला. त्यानं लिंपण फोडलं आणि आत उतरायला साफ नकार दिला. "आज कोई नी उतरे साब, मांय हवा खराब हे." ती हवा जायला एक दिवस गेला. तेवढ्यात मामंजींनी त्याला विचारलं, पाणी जास्त कुठल्या बाजूला मुरलं असेल? हातांची माती झटकत तो म्हणाला, "पाणी के कई मालम साब, हद कां हे?" हद्द कुठे आहे ते पाण्याला काय ठाऊक!

वरचं लिंपण टिकलं होतं, पाणी बाजूंनी आणि खालून झिरपलं होतं. दोन्हीकडे सारखाच प्रकार. वरचा निम्मा गहू कोरडा निघाला, तळाचा काळा पडून सडला होता. त्याचा वास नाकातून आठवडाभर गेला नाही. चांगला गहू अंगणात पसरला, आणि वन्सं सोवळ्यातून उठून बाहेर आल्या.

"बाबा, यातला माझा किती?"

मामंजींनी मान हलवली. खूप दुःख झाल्यासारखी हलवली. "तुझा तळाला होता, पोरी. नशीब एकेकाचं."

"आणि काकांकडे?"

चुलतसासरे समोरून आलेच होते. "तिकडेही तळालाच," ते म्हणाले.

दोन राज्यं, दोन पेवं, आणि दोन्हीकडे वन्संचाच गहू तळाला! तो सडका वास मला पुरुषांच्या तोंडून येतोय असं वाटलं. कारण खरं काय ते मला माहीत होतं. वन्संच्या पैशांचा निर्णय सगळ्यांत शेवटी झाला, त्यांच्या गाड्या चार दिवस मागाहून आल्या, आणि तो गहू सगळ्यांत वर ओतला गेला. त्या दिवशी वन्सं हमालांसाठी रांधत होत्या. अंगणात हमालांना पाणी द्यायला मी होते. दोन्ही अंगणांत.

वन्सं माझ्याकडे वळल्या. "तू होतीस ना गं तेव्हा? वर कुणाचा ओतला?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. यजमानांनी जमिनीकडे पाहिलं.

"मला नाही आठवत," मी म्हणाले.

मला तेव्हा तिसरा महिना होता. पोटातल्या जिवासाठी गप्प बसले असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी भ्याले. स्वयंपाकघरात चुरूचुरू चालणारी माझी जीभ अंगणात आल्यावर लुळी पडली. त्या दोघा भावांची मला कीव येते आणि किळस येते. पण अंगणातल्या त्या मुलीची किळस त्याहून जास्त येते, कारण ती अडाणी नव्हती. तिला वन्संनी शिकवलं होतं.

पुण्याला कुणी गेलं नाही. त्या साली आजूबाजूची घरं ज्वारीवर होती, आमच्याकडे दोन्ही वेळा गव्हाच्या पोळ्या. त्या वन्संच लाटत. मी दोन जिवांची, म्हणून माझ्या पानात एक जास्तीची वाढत, तिच्यावर तूप घालून. मी ती खात असे.