टाचणीची टाच

रागाच्या भरात शिकलेली गाडी रागाच्या भरातच कुठेतरी जाऊन आदळेल, ही धास्ती टाचणीच्या आईला सुखाने जेवू देईना. पुढ्यात ताट असायचं आणि डोळ्यांपुढे मात्र सुसाट निघालेली लेक, समोर तिचा आधीचा नवरा उभा, आणि ही ब्रेक दाबायचं विसरलेली. विसरलेली की मुद्दाम न दाबलेली, इथे येऊन घास अडायचा.

टाचणी हे काही खरं नाव नव्हे. अंगाने किडकिडीत आणि बोलायला टोचरी, म्हणून कपड्यांच्या कारखान्यातल्या बायकांनी ते पाडलं आणि पुढे ते घरापर्यंत आलं. अठरा वर्षं ती तिथे मशीनवर कॉलर शिवत होती. लग्नानंतर जादा पाळ्या करून तिनेच मोटारसायकल घेतली. कागद तिच्या नावावर, चालवायचा मात्र नवरा, ही मागे. भांडण झालं की त्याची एक खोड होती. गाडी बाजूला घ्यायची आणि म्हणायचं, "उतर." एकदा शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर त्याने तिला असंच उतरवलं, तिच्या डोक्यावरचं हेल्मेटही काढून घेतलं आणि निघून गेला. ती सात किलोमीटर चालत आली ती थेट आईकडे. चपलेचा अंगठा वाटेत तुटला होता, तो तिने पर्समधल्या दोऱ्याने शिवून घेतला होता.

फारकतीच्या कागदात गाडी तिची असं स्पष्ट लिहिलं होतं. कचेरीच्या पायऱ्यांवर किल्ली बोटात फिरवत तो म्हणाला, "ने की! मी कुठे नाही म्हणतोय? पण स्वतः चालवत न्यायची हं. टेम्पोत घालून नेलीस तर हसायला अख्खी गल्ली गोळा करीन. मागे नीट बसता येत नव्हतं, पुढे काय बसणार!"

टाचणी पायऱ्या उतरू लागली. आई तिच्यामागे. एका कॉलेजच्या ग्रंथालयात उभा जन्म गेलेली ती बाई, आवाज चढवायची सवयच नव्हती. पण त्या दिवसापासून भांडी विसळताना ती त्याला मनातल्या मनात उत्तरं देत होती, एकाहून एक जहरी. आठ महिने झाले, एकही वापरायला मिळालं नव्हतं.

मग टाचणीने मोटारसायकल सुरक्षित चालवायला शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं.

बस आगारामागच्या मैदानात वर्ग भरायचा. जमिनीवर पांढरे पट्टे, नारिंगी शंकू, आणि शिकवायला वाहतूक पोलिसातून निवृत्त झालेले एक सर, गळ्यात शिट्टी. बाकी सगळी कॉलेजातली मुलं-मुली, ही एकटी एकोणचाळीस वर्षांची. संध्याकाळी घरी आली की गुडघ्यांची कवचं दाराशी टाकायची.

"काय झालं आज?"

"पडले."

"लागलं का गं?"

"गाडीला लागलं. मला काय होतंय?"

क्लच सुटायचा, गाडी आचका देऊन बंद पडायची. तेही हळूहळू जमलं. शंकूंमधून इंग्रजी आठचा आकडा काढणं जमलं. जमत नव्हतं ते थांबणं. सर शिट्टी वाजवायचे आणि पांढऱ्या रेषेच्या आत गाडी उभी करायची, एवढंच. टाचणी शिट्टी ऐकायची, दात-ओठ खायची आणि रेष ओलांडून दोन-तीन शंकू लोळवत पुढे जायची.

"मॅडम," सर ओरडायचे, "गाडी थांबवायची असते, रेषेला निरोप द्यायचा नसतो!"

मुलं खिदळायची. टाचणीच्या मनात एक यादी तयार होत होती. पहिला नंबर त्याचा, दुसरा सरांचा, तिसरा त्या लाल हेल्मेटवाल्या मुलीचा, जी हसताना तोंडावर हातसुद्धा धरत नव्हती.

"गुरुवारी परीक्षा," भाजी निवडता निवडता तिने आईला सांगितलं. "शनिवारी परवाना. रविवारी त्याचं दार. दारातच गाडी चालू करीन, त्याच्या तोंडावर धूर सोडीन आणि म्हणेन, 'उतर!'"

"अगं, तो गाडीवर कुठे असेल?"

"मग पायरीवरून उतर म्हणेन. पण म्हणणार."

बुधवारी सरांनी बजावलं, उद्याही रेष ओलांडलीत तर पुढचा वर्ग सहा महिन्यांनी. त्या दिवशी आई गुपचूप मैदानाच्या जाळीपाशी येऊन उभी होती. सहा महिने हा राग घरात ठेवायचा म्हणजे काय, हे तिलाच ठाऊक होतं. शिट्टी वाजली. सगळे टाचणीच्या तोंडाकडे बघत होते. आईची नजर मात्र पायांवर, कारण लेक पडली तर आधी काय मोडेल याचाच ती हिशेब लावत होती. आणि तिला दिसलं: शिट्टीसरशी टाचणीचा उजवा पंजा वर उचलला गेला आणि टाच खाली रुतली. हा पाय तिने कुठेतरी पाहिला होता. कुठे म्हणजे? घरातच!

घरी आल्या आल्या तिने लेकीला कोपऱ्यातल्या, कारखान्यातल्यासारख्याच मोटारच्या शिलाई मशीनवर बसवलं. रविवारची शिवणाची कामं टाचणी त्यावर करायची.

"शीव काहीतरी."

"आत्ता? आई, माझा जीव जातोय."

"शीव म्हणते ना. हं... थांब!"

मशीन थांबलं.

"कशाने थांबवलंस?"

टाचणी पायाकडे बघतच राहिली. या मशीनला पंजा दाबला की सुई धावते, टाच मागे दाबली की थांबते. गाडीवर उजव्या पंजाखाली ब्रेक. अठरा वर्षांची इमानदार टाच शिट्टी ऐकली रे ऐकली की आपलं काम करत होती, आणि पंजा ब्रेकवरून उठत होता.

"म्हणजे मी रोज थांबवतच होते," ती म्हणाली.

"हो, मशीन. अगं, नावातच टाच घेऊन बसलीस, दुसरं काय होणार!"

दोघी पोट धरून हसल्या. मग आईने खुर्चीपुढे पाट तिरका लावला, त्यावर टाचणीला पंजा ठेवायला सांगितला आणि पाठीमागे उभी राहून टाळी वाजवत राहिली. टाळी वाजली की पंजा. पहिल्यांदा टाच, मग दोन्ही, मग पुन्हा टाच.

"त्याचं तोंड आहे पायाखाली, असं समज," आई म्हणाली.

पाट भिंतीवर जाऊन आपटला.

"एवढं नको गं! चाक घसरेल. दाब, पण दमाने. अगदी सावकाश चिरडतेयस असं समज."

ग्रंथालयात शांतता राखा म्हणणारी आपली आई हीच का, म्हणून टाचणीने एकदा वळून पाहिलं.

गुरुवारी गाडी रेषेच्या चार बोटं अलीकडे थांबली. सरांनी दुसऱ्यांदा करायला लावलं, तिसऱ्यांदा लावलं. तिन्ही वेळा थांबली.

"काल काय खाल्लंत, मॅडम?"

"आईची बोलणी."

सरांनी सही केली आणि जाळीशी उभ्या आईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एक सांगतो. दुसऱ्याने वापरलेली गाडी तशीच रस्त्यावर काढू नका. आधी ब्रेक, मग हवा, मग किल्ली."

शनिवारी परवाना आला. टाचणीने तो ओट्याला टेकवून उभा केला आणि दिवसभर येता-जाता बघत राहिली.

"उद्या तिथे ब्रेक बघशील ना गं आधी?" आईने विचारलं.

"त्याच्या दारात उकिडवी बसून हवा तपासू? धूर सोडायला चाललेय मी, पंक्चर काढायला नाही."

"आणि ब्रेक लागलाच नाही तर?"

"तर जो समोर असेल त्याचं नशीब." टाचणी हसली. ते हसणं आईला मुळीच आवडलं नाही. "आणि त्याला आधी कळवायचं नाही हं, आई. अवचित जायचं. त्याचं पडलेलं तोंड बघायचंय मला."

ती न्हायला गेली. नळाचा आवाज सुरू झाला. आई ओट्यापाशी तशीच उभी. ती गाडी त्याने कशी ठेवली असेल ते तिला ठाऊक होतं. ब्रेक किंचाळायला लागले तरी हा माणूस गाणी लावून चालवायचा. कळवावं तर लेक जन्मभर बोलणार नाही. न कळवावं तर...

आणि मग तिला ते दिसलं. भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत तो उकिडवा बसलाय. ब्रेक आवळतोय, पंप मारतोय, फडक्याने टाकी पुसतोय. शेजारी विचारताहेत, विकतोस काय रे? आणि त्याला सांगावं लागतंय, नाही, ती न्यायला येतेय. स्वतः चालवत. हे असलं काही धुराने साधलं असतं का? आईला आपलंच हसू ऐकू आलं, आणि तेही लेकीच्या हसण्याइतकंच वाईट होतं.

लेकीला ती सांगणार होती, पण न्हाऊन आल्यावर, आणि तोवर काम झालेलं असेल.

तिने फोन उचलला. नंबर अजून 'जावईबापू' म्हणूनच होता. इतकी वर्षं त्याला 'अहो, या', 'अहो, बसा' केलं होतं. मागचा ब्रेक करकचून घे, दोन्ही चाकांत हवा भर, सीटसुद्धा पूस, उद्या दहाला येतोय. वाक्यं सगळी तयार होती. सुरुवातच काय करायची एवढंच अडलं होतं. मग 'अरे'च म्हणायचं असं तिने ठरवलं, आणि नावावर बोट ठेवलं.