तांब्याच्या दोन रेघा

"रेघ नंतर बघा, आधी तिचा शेजार बघा." टेपचा तुकडा नखाने दाबत बाई असं म्हणायच्या, पण मान काही वर करायच्या नाहीत.

रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना होता. ऐंशीच्या दशकात सर्किट बोर्डाचं ड्रॉइंग हातानेच व्हायचं. खाली ट्यूब लावलेल्या काचेच्या टेबलावर पारदर्शक फिल्म ठेवून तिच्यावर काळ्या टेपच्या बारीक पट्ट्या चिकटवायच्या, त्यांचा फोटो काढून बोर्डावर तांब्याच्या रेघा उमटवायच्या. हे काम देवरूखच्या या बाईंचं. मी नवा इंजिनिअर. कारखान्यातला एकुलता एक कॉम्प्युटर माझ्या ताब्यात, म्हणून जरा तोऱ्यातच. असे तोरे तुम्हीही पाहिले असतील.

मच्छीमार बोटींसाठी आम्ही पाण्याची खोली दाखवणारं यंत्र बनवत होतो. त्यात दोन रेघा लांबवर खेटून न्याव्या लागत होत्या. एकीतला सिग्नल दुसरीत उतरला, तर आकडा चुकणार. मी प्रोग्राम चालवून सांगितलं, "किंचित उतरेल. चालेल."

"एकदा मोजूनही बघूया ना."

"गणित केलंय की!"

मिरकरवाड्याच्या बंदरात पहिली चाचणी झाली. खाली चार वाव, म्हणजे चोवीसेक फूट पाणी, आणि आकडा कधी चार, कधी अकरा. बोटीचा म्होरक्या तांडेल हसून म्हणाला, "दर्या उड्या मारतोय की तुमची पेटी?"

"चूक कोणाची?" मालकांनी विचारलं. मी प्रोग्रामचे कागद चाळत राहिलो. बाई म्हणाल्या, "रेघा मी ओढल्यात."

मग आम्ही मोजायला बसलो. एका रेघेत सिग्नल सोडला, शेजारच्या रेघेला सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. पडद्यावर सपाट रेघ हवी, तिथे टोकदार उंचवटे. माझ्या गणिताच्या तिप्पट. बाईंनी बोर्ड उलटा केला.

"गणितात मागच्या बाजूचं, सिग्नल आवरून धरणारं तांबं सलग धरलंत?"

"हो."

"इथे ते कापलंय. जागाच नव्हती."

ते फिल्मवर स्पष्ट दिसत होतं. मी फिल्म पाहिलीच नव्हती.

कापलेलं तांबं हिशेबात घेऊन प्रोग्राम पुन्हा चालवला, तेव्हा उत्तर पडद्याशी जुळलं. बाईंनी डब्यातून फणसपोळी काढून माझ्या हातावर ठेवली. "घ्या. आता खायला हरकत नाही." चार दिवस खपून त्यांनी रेघा एकमेकींपासून लांब केल्या, मागचं तांबं सलग केलं.

दुसऱ्या चाचणीला त्या स्वतः बोटीवर आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. दोन्ही हातांनी कठडा धरून, डोळे गच्च मिटून. तांडेलाने शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडली. सहा वाव. आकडाही सहा.

"बाई, डोळे उघडा!"

"आकडा हलतोय?"

"नाही."

"मग उघडते."

पुढे कॉम्प्युटरवर बोर्ड आखायला शिकण्यासाठी बंगलोरला एकालाच पाठवायचं ठरलं. तो मान बाईंचाच होता. "त्यांच्या हातून चुका होतात," असं म्हणून मालकांनी मला पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी बाईंना म्हटलं, "ती चूक माझी होती. आत्ताच जाऊन सांगतो."

"मला ठाऊक आहे हो. सांगायचं तेव्हा सांगायचं होतं." त्या नवी टेप सोडवत होत्या. "जा आता. नीट शिकून या."

आणि मी न सांगताच गेलो.

तीन महिन्यांनी परत आल्या आल्या मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या सोडून गेल्या. महिना झाला."

मी बाईंच्या टेबलापाशी गेलो. काचेखालची ट्यूब कोणीतरी लावून ठेवली होती. काचेवर फिल्म नव्हती, नुसताच पांढरा उजेड. बराच वेळ मला तो बंद करवला नाही.