प्रार्थनेतून गळलेलं नाव

आणीबाणीत दादाला पोलिसांनी उचललं, तेव्हा आम्ही राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दादा कॉलेजात होता. भिंतींवर सरकारविरोधी पत्रकं चिकटवताना सापडला. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणजे तोंडाला कुलूपच. आईचं मागणं मात्र एकच होतं: चर्चच्या उपासनेत दादाचं नाव घेऊन प्रार्थना व्हावी.

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत तशी रीतच होती. महिन्यातून एका रविवारी दुपारी, हिंदी मंडळीचं चर्च रिकामं झालं की आम्ही तिथे जमायचो. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची बदली अडलीय, सगळ्यांची नावं पाळकसाहेब मोठ्याने घेत आणि सगळे आमेन म्हणत. अहो, एकीच्या हरवलेल्या मांजरासाठीसुद्धा प्रार्थना झालेली मी ऐकलीय.

दादाचं नाव काही येईना. राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना मात्र लांबत चालली. सत्ता देवानेच नेमलेली असते, हे बायबलमधल्या पौलाचं म्हणणं पाळकसाहेब दर वेळी ऐकवायचे. माझं डोकंच फिरायचं. अरे, तोच पौल तुरुंगात बसून पत्रं लिहीत होता, ते कुठे गेलं? पण चर्चची जागा सरकारी लीजवर होती आणि लीज संपत आली होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

हळूहळू आमच्या पुढचा आणि मागचा बाक रिकामा राहू लागला. ‘सलाम’ हा आमचा नमस्कार, तो म्हणताना लोकांचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. एका बाईंनी मला विचारलं, तू एकुलती एक ना गं? त्यांनी दादाला कडेवर खेळवलं होतं. घरी आल्या आल्या मी दादाचा फोटो कपाटातून काढून पाहिला, आहे ना म्हणून.

मे महिन्यातल्या रविवारी भर उपासनेत धुळीची आंधी उठली. खिडक्या पिवळ्याधमक झाल्या, लाइट गेली, पंखे थांबले. आजाऱ्यांची नावं संपली तशी आई उभी राहिली आणि तिने दादाचं नाव घेतलं, आडनावासकट.

“तो तुरुंगात आहे,” ती म्हणाली. “त्याच्यासाठी प्रार्थना करा.”

कुणी वळूनही पाहिलं नाही. पाळकसाहेबांचे डोळे मिटलेलेच. काचांवर धूळ आपटत होती, तेवढाच काय तो आवाज. मी आमेन म्हटलं, तर माझाच आवाज मला परका वाटला. मग पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला आणि सगळे गायला लागले.

उपासनेनंतर ते दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवायचे. आईचा हात हातात घेऊन त्यांनी अगदी मायेने विचारलं, “घरी सगळे ठीक?”

“त्याला बाप्तिस्मा तुम्हीच दिला होता,” आई म्हणाली. “याच चर्चमध्ये. नाव तुम्हीच मोठ्याने घेतलं होतंत.”

त्यांची बोटं गार पडली होती, असं आईने नंतर सांगितलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. हसू जसंच्या तसं होतं. त्यांनी आईचा हात सोडला आणि आमच्या मागे उभ्या असलेल्यांना म्हणाले, “या, या. कसे आहात?”