हिरवा दिवा लागला, बिल निघेना

मित्रांनो, देवनहळ्ळीहून आत्ताच घरी आलोय. पार थकलोय.

आज तिथल्या औषधांच्या गोदामात नवा राउटर बसवला. बिलं ज्या सर्व्हरवर बनतात, त्या चामराजपेटच्या ऑफिसशी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचं खासगी कनेक्शन, जोडलं, हिरवा दिवा लागला. पण बिल निघेना. बिलाविना औषधांच्या गाड्या दारात खोळंबल्या.

गोदाम सांभाळणाऱ्या अक्का म्हणाल्या, "अण्णा, गाड्या काय तुमच्या दिव्यावर चालवू?"

सगळं पुन्हा तपासलं. सुरक्षिततेच्या काळजीपोटी मीच गोदामाचा रूट, म्हणजे तिथवर पोचायची वाट, बाहेरच्या राउटरना कळवणं बंद ठेवलं होतं. गोदामातून बिलाची मागणी चामराजपेटला पोचत होती. उत्तर कुठे पाठवायचं, हे तिथल्या राउटरला ठाऊकच नव्हतं.

सेटिंगमधली ती बंदीची एक ओळ काढली आणि बिलं निघाली.

"सरी, ठीक झालं, आता जेवून घ्या," अक्का म्हणाल्या. जेवताना तीच ओळ डोक्यात घोळत होती.

निष्काळजीपणा सुधारता येतो. अति काळजीने होणारी चूक तुम्ही कशी टाळता?