सातचे आठ, आठाचे चार: पिकअपचे पाटे बदलायला इचोड्याला

"आन् ओझं किती टाकता?" लच्चन्ना मिस्त्रींनी गाडीखालून विचारलं. त्यांचे फक्त पाय दिसत होते. मागची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवली होती आणि गाडी लाकडी ओंडक्यांवर उभी होती.

"काहीच नाही," मी म्हणाले. "मी चालवणार, बाबा शेजारी बसणार. मागे फार तर एखादं पोतं."

पाय हलले नाहीत. "पटेल, तुमी सांगा."

बाबा वर्कशॉपच्या दारातल्या बाकावर बसले होते. कमरेला पट्टा, पट्ट्यावर सदरा. समोरच्या हायवेवरून नागपूरकडे एक ट्रक गेला. त्याच्यामागून दुसरा गेला. बाबांनी दोन्ही जाऊ दिले.

"आठ क्विंटल समज," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आठ तर आठ, मी मनात म्हटलं; थोडी कडक होईल, पण आधीपेक्षा बरी. इथे माझं चुकलं.

इथवर कसे आलो ते आधी सांगते. आमचं घर वांकिडीला. बाबांनी ही पिकअप तीस वर्षं चालवली. पुढे दोन गोल दिवे, मागे सागवानी फळ्यांचा हौदा, रंग मूळचा निळा. हंगामात कापूस, बाकी वर्षभर भाजी. दीड वर्षापूर्वी बाबांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्यांना गाडीत बसायला मनाई केली नाही, धक्के खायला केली. या गाडीत दोन्ही एकच होतं. दरम्यान राजुऱ्याचा एक माणूस दोनदा येऊन गेला. तो जुन्या गाड्या घेतो, चकचकीत करतो आणि लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने देतो. सोमवारी तिसऱ्यांदा येतो म्हणाला होता.

बाबांचं आणि माझं असं ठरलं: गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि शॉकअप बदलून बघायचे. बाबा पुढच्या सीटवर बसून घरी परत आले तर गाडी ठेवायची. नाही आले तर राजुरा.

पाट्याचं काम चंद्रपूरलाही होतं, आणि ते आम्हाला जवळ. पण बाबांच्या मते या गाडीला लच्चन्नांशिवाय कोणी हात लावायचा नाही. म्हणून शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. मी स्टिअरिंगवर. बाबा मागे हौद्यात, दोन गाद्यांवर आडवे, अंगावर गोधडी. पुढे बसणं शक्यच नव्हतं.

"हौद्यात माल बसते, मालक नाई," ते गोधडीतून म्हणाले. 

वांकिडी ते इचोडा साधारण एकशे तीस किलोमीटर. डिझेल आसिफाबादलाच भरून घ्या. पुढे केरामेरीचा घाट लागतो. रस्ता चांगला आहे, पण अरुंद. वळणावर समोरून बस आली की कोणीतरी मागे घ्यावं लागतं, आणि ते कोणीतरी आपणच असतो. फोनला रेंज नाही. सकाळी जा. पाऊस संपून महिना झाला होता, साग अजून हिरवा होता, त्याची मोठी पानं रस्त्यावर पडायला लागली होती. वरच्या वळणावर थांबले आणि मागे जाऊन पाहिलं. बाबा उताणे पडून फांद्या बघत होते.

"तीस वर्षं या घाटानं गेलो," ते म्हणाले. "वर कदी पायलंच नाई."

जैनूरला चहा. हॉटेलवाल्याने हौद्यात डोकावून पाहिलं. "पेशंट हाये का?"

"माल हाये," बाबा म्हणाले. "बशीत दे."

शेजारी कापसाने भरलेला एक ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीच्या वर पुन्हा माणसाएवढा ढीग, त्यावर जाळी. मी त्याच्या मालकाला सहज विचारलं, कापूस किती आहे. "हाये थोडासा. पाच-सात," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. त्या ढिगात पंधरा क्विंटलच्या आत काही नव्हतं.

गाडी सुरू करताना बाबा मागच्या जाळीतून म्हणाले, "असं इचारू नये वं. पिकाचा पुरा आकडा तोंडानं सांगत नसते. दृष्ट लागते. अर्धा सांगाचा."

"आणि समोरच्याने काय समजायचं?"

"समोरच्याले समजते."

हे मी ऐकलं आणि विसरले.

उटनूरच्या अलीकडे रस्त्याकडेला गोंड बायका सीताफळं घेऊन बसल्या होत्या. शंभर रुपयांत एक टोपली. ती मी बाबांच्या उशाशी ठेवली; इंद्रवेल्लीला पोचेपर्यंत निम्मी संपली होती. गुडिहत्नूरला हायवे लागतो, तिथून इचोडा वीस मिनिटं.

लच्चन्नांचं वर्कशॉप हायवेला लागूनच आहे. वर पत्रा, खाली काळी जमीन. त्यांना गाडीचं मॉडेल विचारायची सवय नाही. ते ओझं विचारतात. मग एकेक पाटा काढून जमिनीवर लांबीप्रमाणे मांडतात, सगळ्यात लांब भिंतीशी, सगळ्यात आखूड दाराशी. आमच्या गाडीचे एका बाजूला सात निघाले. कंपनीतून आली तेव्हा पाच होते. कोणाचा बाक गेला होता, कोणाला चीर होती, दोन एकमेकांना गंजून चिकटले होते. रबरी बुश हातात घेतल्यावर चुरा झाले. शॉकअप मी नवे घेऊन गेले होते. तुम्हीही घेऊन जा, जुन्या गाडीचे इचोड्याला मिळतीलच असं नाही.

संध्याकाळपर्यंत ठोकणं चाललं. आम्ही जवळच्या लॉजवर खोली घेतली आणि ढाब्यावर जेवलो. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, हिरवा ठेचा, दोघांचे दोनशे. बाबांनी तीन भाकरी खाल्ल्या.

"आठ क्विंटल कशाला सांगितले?" मी विचारलं.

"मंग काय सांगू? रिकामी गाडी?" त्यांनी ठेच्याची वाटी पुढे ओढली. "मानूस काय म्हनन?"

शनिवारी दहाला गाडी तयार होती. मागून तळहातभर उंच दिसत होती. मजुरी आणि सामान मिळून साडेअकरा हजार. बाबा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले, पुढचं दार उघडलं, सीटवर मी आणलेली उशी होती ती काढून मागे टाकली आणि बसले. दीड वर्षाने. आतून त्यांनी काचेवर बोटाने टकटक केलं, चल म्हणून.

चाचणीसाठी पोचेराचा धबधबा ठरवला. हायवेने थोडं जाऊन बोथच्या फाट्याला वळायचं. हायवेवर गाडी छान गेली. बाबांनी खिडकीबाहेर कोपर काढलं. फाट्यानंतर पहिला गतिरोधक आला. मी गाडी अगदी हळू घेतली. पुढचं चाक उतरलं, मागचं चाक चढलं आणि मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखी सीट वर आली.

"बरी हाये," बाबा म्हणाले.

दुसऱ्या गतिरोधकानंतरही ते बरी हाये म्हणाले. तिसऱ्यानंतर कोपर आत आलं होतं आणि हाताने वरचा दांडा धरला होता.

पोचेराला गाडी वर लावून पायऱ्यांनी खाली जावं लागतं. धबधबा उंच नाही, रुंद आहे. काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून पाणी तीन-चार धारांनी येतं आणि खाली हिरव्या डोहात थांबतं. डोह खोल आहे, उतरू नका. सकाळी गर्दी नसते. एक जोडपं शेवाळलेल्या खडकावर उभं राहून भांडत होतं. पाण्याच्या आवाजात फक्त हातवारे दिसत होते. बाबा वरच थांबतो म्हणाले होते. मी अर्धा तास बसले. पाणी बघत होते, पण डोक्यात राजुऱ्याचा माणूस होता.

वर आले तेव्हा पुढची सीट रिकामी होती. बाबा हौद्यात गादीवर आडवे होते. सीताफळ खात होते आणि बिया एका जागी नीट गोळा करत होते.

"इथं काऊन?"

"उन्ह चांगलं हाये इकडं."

मी हौद्याचं फाटक वर केलं आणि कडी लावली. पुढे बोथपर्यंत जाऊन बघायचा बेत होता, तो रद्द केला. परतताना प्रत्येक गतिरोधकाआधी गाडी जवळजवळ थांबवली. 

लच्चन्ना जेवायला बसले होते. डबा झाकून उठले. "कशी चालली, बिड्डा?" तेलुगूत लेकराला म्हणतात तसं ते मला पहिल्या दिवसापासून म्हणत होते.

"कडक. आधीपेक्षा कडक."

ते खाली वाकले, पाट्यांवर बोट फिरवत मोजून उठले. "आठ पाटे हायेत. पटेलांनी आठ क्विंटल सांगतले, मी सोळा धरले. सोळाले आठ पाटे बराबर हायेत."

"सोळा काऊन धरले?"

पाढा न येणाऱ्या पोराकडे शिक्षक बघतो तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इथं पुरं कोन सांगते? तीस वर्षं झाली, जो येते तो अर्धं सांगते. मी दुप्पट धरतो, गाडी नीट चालते. तुमचे बाबा तं पयल्या दिसापासून. चार म्हनाचे, आठ टाकाचे."

जैनूरचा ट्रॅक्टर मला आता आठवला.

लच्चन्ना हौद्याच्या फळीवर हात ठेवून उभे राहिले. "पटेल. खरं सांगा. काय टाकनार गाडीत?"

बाबा उठून बसले. पट्टा सारखा केला. "कापूस नाई टाकत आता."

"मंग भाजी?"

"भाजी बी नाई."

"मंग काय?"

"मी बसनार."

लच्चन्नांची नजर बाबांच्या कमरेकडे गेली. बाबांचा पट्टा त्यांनी आत्ता पाहिला असावा. "तुमी किती?"

"पंचावन."

"क्विंटल?"

"किलो."

वर्कशॉपमध्ये कोणी हसलं नाही. मग लच्चन्ना गंभीरपणे म्हणाले, "पंचावन मंजे एकशे धा. दुसरं कोन?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हे. हे बी पुरं वजन सांगत नाई."

मग तिघेही हसलो. बाबा कमर धरून हसले.

पुन्हा चाकं निघाली. आठाचे चार पाटे झाले. मधले आखूड जाड पाटे गेले. उरलेल्या चारांना लच्चन्नांनी घासून, ग्रीस लावून, कमी बाक देऊन बसवलं. काढलेले पाटे त्यांनी तारेने बांधून बाबांच्या पायाशी ठेवले. बाबांनी ते उचलायला सांगितलं नाही.

"आता कापूस भरला तं हौदा टायरवर टेकन," लच्चन्ना म्हणाले. "मंग माझ्याकडं येऊ नका."

"नाई येत."

"तसं नाई. चहाले या."

दुसऱ्यांदा मजुरी घेतली नाही. चूक दोघांची, असं त्यांचं म्हणणं. माझ्या हिशेबाने तिघांची होती. ते बांधलेले पाटे आम्ही तिथेच सोडले.

रविवारी सकाळी परत निघालो. बाबा पुढे. उशी मागेच होती. गुडिहत्नूरच्या आधीच्या गतिरोधकावर गाडी वर गेली आणि खाली आली, एवढंच झालं. मी बाबांकडे पाहिलं.

"समोर पाय, रस्त्याकडं," ते म्हणाले.

उटनूरला त्यांनी दुसरी टोपली घेतली. आपल्याला हवी तेवढी घासाघीस स्वतः खिडकीतून केली आणि ऐंशीवर आणली. जैनूरच्या हॉटेलवाल्याने पुन्हा हौद्यात डोकावलं. हौदा रिकामा होता. "माल इकला का?" त्याने विचारलं. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि बशी मागितली.

केरामेरीच्या घाटात उतारावर गाडी थोडी डुलते आता. वळणावर अंग टाकते. हलक्या पाट्यांची ही किंमत आहे; जुनी गाडी मऊ करणार असाल तर वेग विसरा. तिसऱ्या वळणानंतर बाबा झोपले. तोंड उघडं, मान माझ्या बाजूला. समोरून बस आली. मी मागे घेतली. ते उठले नाहीत.

आसिफाबादला जाग आली तेव्हा त्यांनी घाट कुठाय असं विचारलं. मी गेला म्हणाले. त्यांना ते थोडं लागलं असावं, कारण वांकिडीपर्यंत ते नीट जागे राहिले आणि मला प्रत्येक खड्डा आधी सांगत आले.

घरी येऊन हे लिहिते आहे. या तीन दिवसांतलं काय राहिलं म्हणाल तर धबधबा नाही. पाण्याकडे मी बघत होते, पण पाहिलं नाही. बाबांनी हौद्यात पडून फांद्या पाहिल्या, तसा घाट मी अजून पाहिलेला नाही. तो बघायला कधीतरी मागे आडवं होऊन जायचं आहे, पण चालवणार कोण, हा प्रश्न आहे. राहिलं ते "किलो". तीस वर्षांत बाबांनी गाडीबद्दल सांगितलेला तो पहिला पुरा आकडा असावा.

सोमवारी सकाळी नऊला राजुऱ्याचा माणूस आला. आईने चहा केला. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, हौद्याच्या फळ्यांवर हात फिरवला आणि ही किती उचलते, असं विचारलं. "दोन मानसं," बाबा म्हणाले. त्याने चहा संपवला आणि तो परत गेला. मग बाबा आणि मी त्याच गाडीने बाजारात गेलो.