अकरा मिनिटांनी उघडणारा कॉम्प्युटर

आमच्या घरात किस्से साचतात ते कॉम्प्युटरमधल्या टेम्पररी फाइलींसारखे. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पुसतही नाही, आणि एक दिवस बघावं तर सगळी जागा त्यांनीच अडवलेली. मैत्रिणी म्हणतात, "मंजू, तू घरच्या मोठ्यांना फार तोडून बोलतेस." मी म्हणते, आधी ऐका, मग ठरवा.

कॉम्प्युटर माझ्या भावाचा, मुकुंददादाचा. नागपूरहून एकेक भाग आणून त्याने स्वतः जोडलेला. कारंज्याला हायवेच्या कडेला आमचं बी-बियाण्यांचं दुकान, मागे घर, आणि मधल्या खोलीत हे यंत्र. दादाने दुकानात बसावं असं बाबांचं म्हणणं होतं. दादाने बंगलोरची नोकरी धरली. तो निघाला त्या दिवशी बाबा म्हणाले, "गेला तं गेला. मी पह्यले बोलणार नाई." दादाही त्यांचाच मुलगा. दोन वर्षं झाली तरी पहिलं कोण बोलणार याचा निकाल लागत नव्हता.

फोन दुकानात, आणि दुकानात बाबा. म्हणून दादा रविवारी सकाळी तिकडच्या एका कॅफेत बसून कॉम्प्युटरवर आमच्याशी बोलायचा. अकरा ते साडेअकरा, त्यानंतर त्याची शिफ्ट. इकडे लोडशेडिंग संपून लाइट यायची बरोबर अकराला. बटण दाबल्यापासून कॉम्प्युटर उघडायला अकरा मिनिटं. मग नेट लागणार, तुटणार, परत लागणार. दादाचा आवाज येईपर्यंत त्याची उठायची वेळ व्हायची.

ती अकरा मिनिटं सगळं घर मधल्या खोलीत. आई मेथी निवडत. नानाकाका पेपर घेऊन. आणि बाबा हातात गिलास घेऊन दारात. दुकानात भरलेला माठ असताना रविवारी त्यांना घरातलंच पाणी लागायचं. घोट घोट पीत ते स्क्रीनकडे बघत उभे राहायचे. मेसेंजरची घंटी वाजली की गिलास रिकामा करून निघून जायचे. दादा विचारायचा, "बाबा?" मी सांगायची, "दुकानात."

मला तेव्हा फक्त घड्याळ दिसायचं. हा कॉम्प्युटर जलद करायचा, बास.

*

पहिला अडथळा मेन स्विच. दुकान बंद म्हणजे मेन खाली, हा आमच्या आजोबांपासूनचा नियम. दुपारी दोनला बाबा जेवायला येताना खटका ओढायचे आणि चालू कॉम्प्युटर जागच्या जागी मरायचा. पुढच्या वेळी उघडताना तो आधी स्वतःची सगळी डिस्क तपासत बसायचा.

मी बाबांना समजावलं, की कॉम्प्युटर असा एकदम बंद करत नाहीत.

"मंग? त्याले सांगून बंद करा लागते?"

"तसंच समजा."

"विहिरीवरच्या मोटरले कोणी सांगते काय?"

पण बाबा शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवसापासून दोन वाजले की दुकानातून हाळी यायची, "कॉम्प्युटरभाऊ, बंद करून राह्यलो हो!" आणि खटका खाली.

मी धावत गेले, तर म्हणाले, "सांगतलं ना त्याले."

*

दुसरा अडथळा आईची कव्हरं. हायवेवरून ट्रक गेला की आमच्या घरात धूळ येते, म्हणून आईने मॉनिटर, कीबोर्ड आणि खालचा सीपीयूचा डबा, तिघांना क्रोशाची झालर लावलेली कव्हरं शिवली होती. डब्याचं कव्हर ती कॉम्प्युटर चालू असतानाही काढू देत नसे. आतला पंखा चढावरच्या ट्रकसारखा घरघरायचा, डबा तव्यासारखा तापायचा, आणि तापला की काम करायचा नाही.

मी चारदा कव्हर काढलं, तिने पाचदा घातलं.

"काऊन उघडा टाकू मी त्याले? मुकुंदानं आपल्या हातानं केलं ते."

"आई, त्याच्या मागे पंखा आहे. गरम हवा बाहेर जायला नको?"

दुसऱ्या दिवशी बघते तर कव्हर डब्यावरच. पण मागच्या बाजूला बरोबर पंख्याएवढं गोल भोक, आणि कडेने ब्लाउजच्या काजासारखी दाट शिलाई.

"पह्यलेच सांगाचं असतं बाई," आई म्हणाली, "का त्याचा जीव घुसमटते म्हणून."

त्या दिवशी कॉम्प्युटर दहा मिनिटांत उघडला. एक मिनिट आईचं, हे मला मान्य करावं लागलं.

*

नानाकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी. त्यांना न कळणारी गोष्ट अजून तयार व्हायची आहे.

एकदा मी डिस्कची आवराआवर लावून दिली. डिफ्रॅग म्हणतात त्याला. विखुरलेल्या फाइली एका जागी आणतात आणि तोवर पडद्यावर रंगीत चौकोन सरकत राहतात. मी काकांना फक्त एवढं म्हटलं, की याला हात लावू नका, मी आर्वीला जाऊन येते.

चार तासांनी परतले तर काका त्याच खुर्चीत. शेजारचे दोघेजण मागे स्टुलावर. चहाचे कप खाली.

"लाल हटून राह्यला," काका त्यांना सांगत होते. "निळ्यानं त्या कोपऱ्यातून असा आणला त्याले दाबत दाबत. हा पांढरा मात्र लबाड आहे. कोणाच्याच बाजूनं नाई."

मी म्हटलं, "काका, चार तास हे बघत होता?"

"तूच म्हणली ना, लक्ष ठेवा."

मी असं म्हटलं नव्हतं. तेवढ्यात काम पूर्ण झाल्याची चौकट आली. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि विचारलं, "मंग जिकलं कोण?"

*

आता बाबांचा किस्सा.

परीक्षेसाठी मी वर्ध्याला होस्टेलवर होते. वर्गातल्या मुलाने सांगितलं, कॉम्प्युटर उघडताना दहा-बारा प्रोग्राम विनाकारण सोबत उठतात. सेटिंगमध्ये त्यांची यादी असते, नावांपुढच्या टिका, म्हणजे बरोबरच्या खुणा, काढल्या की झालं. मला दम निघेना. बूथवरून घरी फोन लावला आणि बाबांना पायऱ्या लिहून घ्यायला लावल्या. त्यांनी बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहिल्या. इथे दाबा, तिथे दाबा, टिका काढा, आणि शेवटी ओके.

"ओके मंजे?"

"हो म्हणायचं त्याला."

"काय लिहून राह्यलं ते वाचल्याबिगर मी हो म्हणत नाई. धंद्यात असं चालत नाई, मंजू."

"बाबा, ते काही इसारपत्र नाही."

"तू ठेव फोन. मी पायतो."

दोन दिवस बाबांनी काकांची डिक्शनरी घेऊन ती चौकट वाचली. आठवड्याने घरी आले तर कॉम्प्युटर होता तेवढाच मंद.

"वाचलं सगळं," बाबा म्हणाले. "चांगलं लिहिलं आहे. ओके होतं, कॅन्सल होतं. सध्या कॅन्सल म्हनलं मी. हो काय, कवाही म्हणता येते."

*

हा पुढचा मी कोणाला सांगत नाही.

परीक्षा संपली आणि मी साफसफाईलाच बसले. जुने गेम काढले, नको ते प्रोग्राम काढले. मग रिसायकल बिन उघडला. त्यात नऊ फाइली होत्या. 'mukund1', 'mukund2', अशा नवापर्यंत. दादाच्या जुन्या असतील म्हणून मी एका दमात सगळा बिन रिकामा केला.

संध्याकाळी बाबा यंत्रासमोर बसले. बराच वेळ माउस हलवत होते. मग म्हणाले, "त्या टोपलीतलं कुठी गेलं?"

"फेकलं."

"सारंच?"

"ती कचऱ्याचीच टोपली आहे, बाबा. तिथे कोणी काही ठेवतं का?"

"तिथी कोणी पाहात नाई ना," बाबा म्हणाले. "म्हणून ठेवलं."

त्यांचा टायपिंगचा वेग मला माहीत होता. एका बोटाने, इंग्रजी अक्षरांतून मराठी, एक ओळ लिहायला अर्धा तास. मी विचारलं, "काही महत्त्वाचं होतं का?"

"नाई. दोन-चार ओळी होत्या. जमत नवत्याच."

आणि ते दुकानात गेले. मी परत आणायचा एक प्रोग्राम मिळवला, दोन दिवस खटपट केली. नऊतली एकच फाइल अर्धी सापडली. तिच्यात 'chi. mukund yas' एवढंच होतं.

*

शेवटी मी जिंकले. टिका काढल्या, फक्त मेसेंजरची ठेवली. खिडक्या सरकत उघडण्याची नाटकं बंद केली, सावल्या बंद, मागचं चित्र काढलं. कॉम्प्युटर दीड मिनिटात उघडू लागला. नेटनेही पहिल्यांदाच दगा दिला नाही.

रविवारी अकरा वाजून चार मिनिटांनी दादाचा आवाज. आईच्या हातात मेथीची जुडी, अजून सोडलेलीही नाही. काका पेपर शोधत होते. दादा म्हणाला, "अरे, काय केलंस गं तू याला?" मी फुशारकीने सगळं सांगत होते.

तेवढ्यात बाबा गिलास भरून आले. दारापर्यंत आले, दादाचा आवाज ऐकला, आणि उंबऱ्यावरून तसेच मागे वळले. गिलास भरलेलाच.

"बाबा?" दादाने विचारलं.

"दुकानात," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी बाबा आलेच नाहीत. आई मला म्हणाली, "बम लवकर उघडते आता हे, फारच." मला वाटलं, कौतुक करते आहे.

*

तिसऱ्या रविवारी लाइट आली, मी बटण दाबलं. दीड मिनिट झालं. तीन झाली. पाच झाली तरी पडद्यावर मागचं चित्रच उमटत होतं. दादाने ठेवलेलं, जे मी काढून टाकलं होतं. मग एकेक प्रोग्राम उठायला लागला. सगळेच्या सगळे.

मी चिडून म्हटलं, "याला हात कोणी लावला?"

आईने मेथीची काडी मोडली. "मले काय समजते त्यातलं."

काका पेपरात.

कीबोर्ड जरा तिरका बसला होता. उचलला तर खाली खोक्याचा पुठ्ठा. बाबांचं अक्षर. मी फोनवर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या, क्रमाने. 'टिका काढणे' यातलं 'काढणे' खोडून वर 'लावणे' लिहिलेलं. खाली वेगळ्या शाईत, त्यांनी स्वतः शोधलेली, मागचं चित्र परत लावायची पायरी. आणि शेवटी 'ओके', खाली दोन रेघा मारून.

दारात बाबा उभे होते. हातात गिलास. एक घोट घेऊन स्क्रीनकडे बघत होते.

माझ्या तोंडात किती काय आलं होतं. मी पुठ्ठा परत कीबोर्डखाली सरकवला आणि वाट बघत बसले. पुन्हा तीच दहा-अकरा मिनिटं. मग नेटची किरकिर. मग घंटी.

"मंजू?" दादा म्हणाला. "पुन्हा उशीर? मी उठणारच होतो." आणि मग नेहमीसारखंच, "बाबा?"

मी दाराकडे बघितलं.

आईने मान वर न करता विचारलं, "आवो, पाणी झालं नाई काय तुमचं?"

बाबांनी गिलासात वाकून पाहिलं.

"अजून अर्धा आहे," ते म्हणाले. जरा मोठ्यानेच. माइकपर्यंत जाईल एवढ्या.